इंदूरच्या घरात समुद्राचं पाणी: पहिला रीफ टँक लावताना

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. एकोणीस वर्षं हेच काम करतेय. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी पाणी तपासायचं: कार्बनच्या टाकीनंतर क्लोरीन उरलेलं नाही ना, आरओचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती, मशीनची कंडक्टिव्हिटी (द्रावणातल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा) चौदाच्या आसपास बसली का. त्यामुळे सातवीतल्या लेकाने क्लाउनफिश या समुद्री माशाचा हट्ट धरला तेव्हा मला वाटलं, पाणी तर आपल्याला येतंच, मासे शिकून घेऊ. आमच्या रीफ टँकला, म्हणजे मासे आणि प्रवाळं ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला, आता तीन वर्षं झाली. मासे पहिल्या दोन महिन्यांत कळले. पाण्यापाशी मात्र मी अजून रोज सकाळी पाच मिनिटं उभी राहते. म्हणून इथे माशांपेक्षा पाणीच जास्त येईल.

आधी मुहूर्त. इंदुरात रीफ टँक दिवाळी झाली की लावायला घ्यावा. घराची रंगरंगोटी तोवर आटोपलेली असते, रंगाचा वास गेलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टँक फक्त गरम ठेवावा लागतो, आणि ते काम साधा हीटर करतो. थंड ठेवायची खरी परीक्षा एप्रिलमध्ये येते, तोवर टँक पाच महिन्यांचा झालेला असतो. आमच्या ओळखीतल्या एकांनी हौसेने अक्षय्य तृतीयेला टँक भरला आणि पहिल्या तीन आठवड्यांतच हात टेकले. त्यात त्यांची चूक काही नव्हती, महिना चुकला.

माप म्हणाल तर तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच दहा मिलिमीटर. खाली कपाटात दोन फुटांचा संप, म्हणजे टँकला जोडलेली दुसरी टाकी. दोन्ही मिळून प्रत्यक्ष पाणी साधारण २०० लिटर. याहून लहान टँक स्वस्त पडतो, पण सांभाळायला अवघड. ४० लिटरच्या डब्यातून एक लिटर पाणी उडालं तरी खारटपणा जाणवण्याइतका चढतो, २०० लिटरमध्ये तेवढ्याने फारसं बिघडत नाही. काच, दगड, वाळू, पाणी सगळं धरून वजन ३०० किलोच्या आसपास जातं. आमचं घर लोकमान्य नगरात तळमजल्यावर आहे, त्यामुळे ती काळजी नव्हती. वरच्या मजल्यावर असाल तर भिंतीलगत, तुळईच्या बाजूला ठेवा आणि आधी कुणा जाणकाराला दाखवा. पश्चिमेची खिडकी आणि स्वयंपाकघराचं दार, दोन्हींपासून टँक लांब हवा. फोडणीच्या धुराचा तेलकट थर पाण्यावर बसतो.

आता पाणी. आपल्याकडे नळाला नर्मदा येते, जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून. १९७८ मध्ये पहिला टप्पा आला, तेव्हापासून हे शहर त्या पाण्यावर उभं आहे. पिण्यासाठी ते येतं, पण टँकला तसंच चालत नाही. त्यात विरघळलेले क्षार आहेत, निर्जंतुकीकरणाचं क्लोरीन आहे. क्लोरीन, आणि त्याहून चिवट क्लोरामाइन, माशाच्या कल्ल्यांना जाळतं. डायलिसिसमध्ये हेच क्लोरामाइन रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आम्ही प्रत्येक पाळीला ते तपासतो. माशांच्या बाबतीत मी वेगळा नियम का लावू?

स्वयंपाकघरातल्या आरओवर भागेल का, असं सगळे विचारतात. भागत नाही. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळायची सोय असते, आणि आपल्याला हवं असतं शून्य. गाळणी, मग कार्बन, मग आरओचं मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन, अशी रांग लागते. माझ्या नळाला टीडीएस २८० येतं, मेम्ब्रेननंतर ९ ते १२, रेझिननंतर ०. मीटरवर १ दिसला की रेझिन बदलायचं, ‘एकाने काय होतं’ म्हणायचं नाही. शून्याचा आग्रह यासाठी की टँकमधून फक्त पाणी उडतं, बाकी सगळं मागे राहतं. उडालेल्याच्या जागी भरायच्या, म्हणजे टॉप-अपच्या पाण्यात थोडं नायट्रेट, थोडं सिलिकेट, जुन्या नळाचं थोडं तांबं असेल तर वर्षभर ते साचत जातं आणि मग शेवाळ का हटत नाही हे कळत नाही.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर बाहेर टाकलं जातं. आपल्याकडे नळ एकाआड एक दिवस येतो, तेव्हा हे पाणी गटारात सोडणं मला तरी जमत नाही. नळीचं दुसरं टोक मी पिंपात सोडते. त्याने ओटला धुतला जातो, फरशी पुसली जाते, स्कूटर धुतली जाते. कुंड्यांना मात्र रोज घालू नका, क्षार जास्त असतात.

मीठ रीफचंच घ्यायचं. घरातल्या मिठात सोडियम क्लोराइड असतं. समुद्रात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं सगळं ठरलेल्या प्रमाणात असतं. आपल्या रक्तात सोडियम लिटरमागे १४० मिलिमोल, समुद्रात ४७० च्या आसपास. तीच मंडळी, प्रमाण वेगळं. पहिल्यांदा मीठ कालवताना मला कामावर असल्यासारखंच वाटलं होतं.

लिटरमागे ३७-३८ ग्रॅम मीठ धरा, म्हणजे पहिल्या भरणीला साधारण साडेसात किलो. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं तर तळाशी गाढा खारट लगदा होतो, कॅल्शियम तिथेच चुना होऊन बसतं आणि पाणी दुधाळ दिसतं. पिंपात छोटा पंप आणि हीटर सोडून रात्रभर फिरू द्या. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा: ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य लावून समाधान मानू नका. ३५ पीपीटीचं प्रमाणित द्रावण मिळतं, त्यावर दर महिन्याला जुळवा. ज्या आकड्यापाशी मोजायचं, त्याच आकड्यापाशी यंत्र तपासायचं.

दगडाबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे. टँक लावताना एका दुकानात मला ‘लाइव्ह रॉक’ (जीवाणूंची वस्ती असलेला समुद्रातला दगड) म्हणून दगड दाखवले. हातात घेतला तर त्यावर ताऱ्यांच्या नक्षीसारखे खळगे, ओळीने. ते मेलेलं प्रवाळ होतं, कुठल्या तरी किनाऱ्यावरून फोडून आणलेलं. दुकानदार म्हणाला, ‘दीदी, सब यही डालते हैं.’ मी ठेवून दिला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून दगडी प्रवाळं आहेत, समुद्रपंखे आहेत, काळं प्रवाळ आहे, समुद्रघोडेही आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत. मेलेला तुकडा जवळ बाळगणंही गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या दगडी प्रवाळांनाही कागदपत्रं लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी संरक्षित जिवांची मालकी सरकारकडे नोंदवावी लागते.

कायदा बाजूला ठेवला तरी बघा. आपल्या देशात प्रवाळ आहे ते मन्नारच्या आखातात, कच्छच्या आखातात, लक्षद्वीप-अंदमानला आणि थोडंसं आपल्या मालवणाजवळ. १९९८, २०१०, २०१६ आणि आता २०२३-२४ मध्ये समुद्र तापून जगभरची प्रवाळं पांढरी पडली. आधीच भाजलेल्या त्या भिंतीतला दगड माझ्या दिवाणखान्याच्या शोभेसाठी निघावा हे मला सोसत नाही. आम्ही सिरॅमिकचे सच्छिद्र कृत्रिम दगड वापरले, १८ किलो. वर्षभरात त्यांच्यावर जांभळा थर चढला. आता पाहुण्यांना फरक कळत नाही. खाली अरागोनाइटची बारीक वाळू, एक-दीड इंच. दगड आधी थेट काचेच्या तळावर बसवायचे आणि मग वाळू पसरायची, म्हणजे माशाने वाळू उकरली तरी दगड घसरत नाहीत.

भरणी झाली, पंप सुरू झाला, पाणी निवळलं. आता टँकमध्ये एकही मासा न घालता दीड महिना बसायचं आहे. सगळ्यात जास्त टँक इथेच बिघडतात. माशाच्या लघवी-विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. हे जीवाणू दगडाच्या छिद्रांत वस्ती करतात, आणि त्या वस्तीला वेळ लागतो. माझ्या पेशंटांची मूत्रपिंडं थांबली आहेत म्हणून त्यांना मशीन लागतं. नव्या टँकमध्ये मूत्रपिंड अजून तयारच झालेलं नसतं. मासा घालून ते तयार करायचं म्हणजे त्या माशाला दीड महिना स्वतःच्या विषात ठेवायचं.

मासा न घालता असं करा: बाटलीतले जीवाणू सोडा आणि अमोनियम क्लोराइडचे थेंब घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत दोन भाग) आणा. एकाआड एक दिवस टेस्ट किटने मोजा आणि वहीत लिहा. माझ्या वहीत नवव्या दिवशी अमोनिया उतरायला लागला, नायट्राइट विसाव्या दिवशी शिगेला, तेहतिसाव्या दिवशी शून्य. खात्री करायला पुन्हा २ पीपीएम अमोनिया घातला. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तेव्हा मी लेकाला हो म्हटलं. त्याने कॅलेंडरवर रोज एक चौकोन खोडला होता. हिवाळ्यात पाणी २६ अंशांवर ठेवलंत तरच हा हिशोब चालतो, गार पाण्यात जीवाणू रेंगाळतात.

यानंतर वाळू तपकिरी होते, मग हिरवे केस उगवतात. घाबरून कुठलंही औषध ओतू नका. उजेड रोज सहा तासांवर आणा, हाताने उपटा, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी पाच-सहा सोडा. दोन-तीन महिन्यांत हे ओसरतं.

आता उन्हाळा. रीफला पाणी २५-२६ अंशांवर लागतं, २८ पर्यंत सोसतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२, घरात ३५. पण माळव्याची हवा कोरडी आहे, आणि ती आपल्या बाजूची आहे. टँकचं झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा येईल असे दोन छोटे पंखे बसवा. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की २०० लिटर पाण्यातून सुमारे तीन अंश खाली उतरवण्याइतकी उष्णता घेऊन जातं. माठात पाणी गार होतं तेच हे. माझ्या टँकमधून मेमध्ये रोज चार लिटर पाणी उडतं, आणि एवढ्यावर खोलीपेक्षा पाणी चार-पाच अंश खाली राहतं. खोलीत डेझर्ट कूलर लावला तर हवा दमट होऊन पंख्यांचा जोर कमी होतो, पण खोलीच इतकी गार होते की एकूण फायदाच. दुपारी बारा ते सहा आम्ही तो त्या खोलीत चालवतो, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जपमाळ घेऊन टँकसमोरच बसतात.

फसगत होते ती जुलैत. पाऊस लागला, बाहेर गार वाटलं, आपण निर्धास्त होतो. पण हवेत ओल भरलेली असते, पाणी उडत नाही, पंखे नुसते फिरतात आणि पंपांच्या उष्णतेने टँक ३० वर जाऊन बसतो. पहिल्या वर्षी जुलैने मला मे महिन्यापेक्षा जास्त झोपेतून उठवलं. दुसऱ्या वर्षी छोटा चिलर घेतला. चिलर सोडून सगळा खर्च ७५ हजारांच्या आसपास झाला होता. चिलर परवडत नसेल तर त्या दोन महिन्यांत त्या खोलीत एसीची सोय आहे का, हे टँक घ्यायच्या आधीच बघून ठेवा.

रोजचे चार लिटर भरून काढायचे ते साध्या शुद्ध पाण्याने. मीठ उडत नाही. आठवडाभर भरलं नाही तर २८ लिटर कमी होतात आणि ३५ चा खारटपणा ४० च्या वर जातो. आमच्याकडे उलटंही घडलं. संपाशेजारी एकसारख्या दोन बादल्या होत्या, एकीत शुद्ध पाणी, एकीत पाणी बदलायला कालवलेलं खारट. मी नाइट ड्यूटीला असताना लेकाने सहा दिवस मनापासून टॉप-अप केलं, खारट बादलीतून. पाणी ३९ वर गेलं आणि दोन कोळंब्या मेल्या. तो रात्रभर रडला. चूक माझी होती, बादल्यांवर काही लिहिलेलंच नव्हतं. त्या दिवसापासून खारट पाण्याला निळं पिंप, गोड्या पाण्याला पांढरा कॅन, आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत नाव. चढलेला खारटपणा एका दिवसात उतरवू नका, तीन-चार दिवस लावा. पेशंटचं सोडियमही आम्ही झटक्यात बदलत नाही.

प्रवाहासाठी दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप) समोरासमोर. प्रोटीन स्किमर पहिल्या दिवसापासून. त्याचे बारीक बुडबुडे पाण्यातला चिकट मळ पकडून वरच्या कपात आणतात. कप दोन दिवसांनी धुवा. दिवा रीफचा एलईडी, निळा जास्त, रोज आठ तास. मऊ प्रवाळांना मध्यम उजेड पुरतो. लाइट गेली तर एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर हवाच. पाणी हलत राहिलं तर प्राणवायू मिळतो, बाकी सगळं चार तास थांबू शकतं.

मासे घ्याल तर हॅचरीत जन्मलेले घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचं प्रजनन आपल्याकडे बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला क्लाउन घ्यायचं कारण उरलेलं नाही. दोन घ्या, एक मोठा एक लहान. क्लाउनफिश सगळे नर जन्मतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. निळा टँग हा मासा इतक्या टँकमध्ये ठेवू नये, त्याला पोहायला लांबी लागते. मँडरिन मासा तर अजिबात नको, जिवंत सूक्ष्म खाणं संपलं की तो उपाशी मरतो. अॅनिमोनचा (समुद्रफुलाचा) विचार पहिलं वर्ष झाल्यावर.

आमचे दोन क्लाउन माझ्या भावाने मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसने आणले, थर्माकोलच्या पेटीत, मांडीवर ठेवून. इतक्या लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. रात्रभरात पिशवीत अमोनिया साचलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो आणि म्हणून तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवा, म्हणजे तापमान जुळेल. खारटपणा दुकानदाराला आधी विचारून नव्या माशांना आधी वेगळं ठेवायच्या छोट्या टाकीचा तसाच ठेवा, आणि मासा हळूच उचलून त्यात सोडा, पिशवीचं पाणी नाही. त्या टाकीत चार आठवडे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे बाहेर काढून अडीच महिने टँक माशांविना ठेवावा लागतो. तांब्याचं औषध वापरायची वेळ आली तर ते त्या वेगळ्या टाकीतच. मुख्य टँकमध्ये गेलं तर कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ काही वाचत नाही.

मऊ प्रवाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात: मशरूम, लेदर, झोआ. कुणाच्या तरी टँकमध्ये वाढलेला तुकडा घ्या, बिल मागा. झोआला हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला. काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, आणि ते फार जहाल विष आहे. झोआ चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका, वाफेतून सगळं घर आजारी पडू शकतं.

घरातल्या विषांची यादीही करून ठेवा. डासांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे या खोलीत बंद. त्यातली औषधं माशांना आणि कोळंब्यांना मारतात. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) बघून आलात की चार दिवस टँकमध्ये हात नाही, लेकाचा तर नाहीच.

दर पंधरा दिवसांनी २० लिटर पाणी बदलायचं, म्हणजे ७५० ग्रॅम मीठ. आठवड्यातून एकदा अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) ८ डीकेएचच्या आसपास, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास आहे का ते बघायचं. एवढ्या मऊ प्रवाळांना पाणी बदलण्यातूनच पुरेसं मिळतं, वेगळे डोस लागत नाहीत.

गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली देते, तेव्हा सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून टँकला चिकटवते. माशांना खायला घालू नका, ते तीन-चार दिवस राहतात. मायेने जास्त पडतं. पांढऱ्या कॅनमधून काळ्या रेघेपर्यंत पाणी घाला, रोज, न विसरता. तापमानाचा काटा २८ च्या वर दिसला तर रात्री कितीही वाजता फोन करा.